ब्रेक न दाबता ब्रेक लागतो तेव्हा

मोबाइल आणि टॅबलेट किती सहज दुरुस्त होतात याला गुण द्यावेत, ही शिफारस भरत खेरा समितीने मे २०२५च्या सुरुवातीला केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे सोपवली. बातमी तेव्हा सगळ्यांनी वाचली. बॅटरी, पडदा, कॅमेरे, चार्जिंगचा पोर्ट, स्पीकर, अगदी बाजूची दाबायची बटणेसुद्धा त्या यादीत आहेत. ती वाचताना मला मात्र आठवले ते गेमचे स्टिअरिंग आणि त्याची पेडले. शाळांना सुट्ट्या होत्या, बाहेर ऊन मी म्हणत होते, कूलर लावून पोरे खोलीत कोंडून बसली होती. टेबलाच्या कडेला आवळलेले असे स्टिअरिंग आता फक्त नागपुरातल्या फ्लॅटमध्येच दिसते असे नाही, कन्हान-कामठीकडेही एखाद्या घरी दिसते. आणि वीस हजारांच्या वरची ही वस्तू दोन-तीन उन्हाळे काढून ‘बिघडली’ म्हणून माळ्यावर जाते. बिघडलेले असते काय? पुष्कळदा तर्री-पोह्याच्या दोन प्लेटच्या किमतीचा एक पॉट, म्हणजे पोटेन्शिओमीटर.

लक्षणे ठरलेली असतात. सरळ रस्त्यावर गाडी आपोआप मंदावते, कारण पाय बाजूला असला तरी गेमला ब्रेक थोडासा दाबलेला दिसतो. पेडल तळापर्यंत रेटले तरी वेग ऐंशी टक्क्यांवर अडतो. वळणावर हळूच ब्रेक सोडायला जावे तर चाके एकदम जाम होतात. नवशिक्याला वाटते, आपलाच पाय कच्चा आहे. महिनाभर तो स्वतःलाच दोष देत सराव करतो.

पॉटच्या आत जे घडते ते फार साधे आहे. कार्बनचा लेप दिलेली एक कमानदार पट्टी असते. तिच्या दोन टोकांना व्होल्टेज दिलेले असते आणि पट्टीवरून धातूचा एक बारीक पंजा सरकतो. पेडलच्या दांड्याला असलेले दाते पॉटच्या छोट्या चाकाला फिरवतात, पंजा सरकतो, आणि तो जिथे टेकला असेल तिथल्या व्होल्टेजचा चिप एक आकडा करते. अनेक पेडलांत हा आकडा ० ते २५५ असतो. रोज पंजा ज्या पट्ट्यातून जातो तिथे मैदानातून पायवाट पडावी तशी घळ पडते. घासून निघालेली कार्बनची भुकटी तिथेच साचते, वरून धूळ बसते, आतले ग्रीस वाळते. पंजा क्षणभर उचलला जातो आणि आकडा उडी मारतो.

खरी गंमत पुढे आहे, आणि ती फारसे कोणी समजावून सांगत नाही. बरीचशी पेडले जोडल्यानंतर आपली मर्यादा स्वतःच शिकतात. सगळ्यात मोठा आकडा दिसला तो पूर्ण दाब, सगळ्यात लहान तो मोकळा पाय. धुळीमुळे एकदा जरी खोटा उंच आकडा आला, तरी पेडल त्यालाच शंभर टक्के धरून बसते. मग खरा पाय पूर्ण दाबला तरी ऐंशीवरच राहतो. केबल काढून पुन्हा लावली की सगळे ठीक होते आणि पोरगा म्हणतो, “सॉफ्टवेअरचाच लोचा होता.” दोन शर्यतींनंतर तेच. पुढची पायरी म्हणजे गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन डेडझोन वाढवणे, म्हणजे सुरुवातीचा काही भाग गेमने मोजूच नये असे सांगणे. त्याने रोग झाकला जातो, आणि ब्रेकचा सगळ्यात नाजूक पहिला भाग आपण हाताने कापून टाकलेला असतो.

हा रोग नवा नाही, उलट चांगला म्हातारा आहे. ठाण्याच्या कारखान्यात बनलेला मर्फी ज्यांच्या घरी होता त्यांना आकाशवाणी नागपूर लावताना आवाजाचे बटण फिरवल्यावर येणारी खरखर आठवत असेल. ती खरखर म्हणजे हाच पंजा, हाच कार्बन आणि हीच भुकटी. रेडिओवाल्यांनी त्यावर आख्खा संसार केला. त्यांच्या तोंडी पॉट हा शब्द कमी, ‘कंट्रोल’ जास्त. ‘कार्बन गेला भाऊ, कंट्रोल बदलून टाका’ किंवा ‘कचरा आहे, क्लीनर मारून देतो’, असे दोनच निकाल असत. पण त्या दोन निकालांत फरक करता येणे हीच खरी विद्या होती. कचरा असेल तर धुऊन जातो. कार्बनच झिजला असेल तर क्लीनरची आख्खी बाटली ओतली तरी उपयोग शून्य. आज व्हिडिओ बघून फवारे मारणाऱ्यांना हा फरक माहीत नसतो, म्हणून महिन्याने तेच दुखणे परत येते आणि ते म्हणतात, साफ करून काही होत नाही.

फरक ओळखायची रेडिओवाल्यांची रीतही ऐकण्यासारखी. पॉट सुटा करायचा, एका टोकाला आणि मधल्या पायाला मीटर लावायचा आणि दांडा सावकाश फिरवायचा. मीटर मात्र काट्याचा हवा. नाशिकच्या मोटवाने कंपनीचे असले मीटर कित्येक दुकानांच्या टेबलांवर असत. काटा एकसारखा चढत गेला तर पट्टी शाबूत आहे. एका जागी दचकला की तिथे कचरा. साफ केल्यावरही त्याच जागी दर वेळी टोकाला जाऊन आपटला, तर तिथला कार्बन संपला. डिजिटल मीटर थांबून थांबून आकडे बदलतो, दोन आकड्यांच्या मधली उडी त्याच्या हातातून निसटते. महाग यंत्रापेक्षा जुने यंत्र सरस ठरते अशा मोजक्या जागांपैकी ही एक, आणि मला ती फार आवडते.

आता आमच्या कन्हानची धूळ. एका बाजूला वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) कामठी, इंदर, गोंडेगावच्या खुल्या खाणी, दुसरीकडे खापरखेडा आणि कोराडीची औष्णिक वीज केंद्रे, मधून जबलपूरकडे जाणारा महामार्ग आणि त्यावरचे कोळशाचे ट्रक. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला होता, ते इथे कोणी विसरलेले नाही. सकाळी पुसलेली खिडकीची चौकट संध्याकाळी बोट फिरवून पाहावी, अशी इथली हवा. त्यात पेडले जमिनीवर असतात, म्हणजे खोलीतली सगळ्यात जड धूळ जिथे येऊन बसते तिथेच. कूलरचा झोतही बरोबर त्याच उंचीवरून जातो. कोरडी धूळ निदान झटकता येते. कूलरच्या ओलीने ती ग्रीसमध्ये मळली जाते आणि तिचा काळा लगदा होतो. परदेशातले गेमर ‘दोन वर्षांनी एकदा साफ करा’ म्हणतात, त्यांनी मे महिना इथे काढून पाहावा.

घरचाच एक संच नुकताच उघडला. खालच्या पत्र्याचे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात, म्हणून ते कागदावर ज्या जागी निघाले त्या जागी टोचून ठेवले. त्यातला एक रबराच्या पायाखाली दडलेला होता. आत ब्रेकच्या दात्यांवरचे मुळात पांढरे असणारे ग्रीस काळेठिक्कर झाले होते, आणि पॉटच्या दांड्याभोवती एक लांब केस इतका घट्ट गुंडाळला होता की चिमट्याने तुकडे करून काढावा लागला. ग्रीस पुसून काढले. पॉटच्या तीन पायांच्या वर एक फट असते, तिच्यात बारीक नळीने कॉन्टॅक्ट क्लीनरचा जेमतेम एक फवारा दिला आणि दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा फिरवला. पहिल्याच खेपेला फटीतून राखाडी पाणी आले. ते टिपले, पुन्हा एक फवारा, पुन्हा फिरवणे, आणि मग रात्रभर सुकत ठेवणे. घाईने केबल जोडायचा मोह इथे आवरावा लागतो. हे सगळे प्लग काढूनच करायचे हे सांगायला नको. पण क्लीनर पेट घेतो, तेव्हा देवघरातल्या निरांजनापासून लांब बसा, एवढे सांगतोच.

फवारा कशाचा, यावर घरोघरी चुकते. हाताशी असते ती निळी-पिवळी बाटली. नेहमीचे डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली मुळात पाणी हटवायला बनवले गेले. ते मागे तेलाचा पापुद्रा ठेवते, दोन दिवस सगळे मखमली चालते, आणि मग त्याच तेलावर कन्हानची धूळ चिकटते. त्याच कंपनीचा कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो, तो चालेल. गाडीचा कार्ब्युरेटर क्लीनर मात्र चुकूनही नको, तो प्लास्टिक खातो. शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल चांगले साफ करते, पण कचऱ्याबरोबर आतले वंगणही धुऊन नेते आणि कोरड्या पट्टीवर पंजा अधिकच घासतो. म्हणून नंतर पॉटसाठीच्या वंगणाचा अगदी थेंब हवा. आणि हे सगळे पॉटपुरतेच. कित्येक स्टिअरिंगमध्ये चाकाचे फिरणे प्रकाशाने मोजणारी चकती असते. तिला पंजाही नाही आणि कार्बनही नाही, तिच्यावर फवारा मारला तर चांगले चाललेले बिघडेल.

झिजणारा पंजा हवाच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. लोहचुंबकाने काम भागते. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर चालणारा सेन्सर कशालाही न घासता कोन मोजतो. सेगा कंपनीने ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये तो १९९८ सालीच वापरला होता. तरीही त्यानंतर कितीतरी महागड्या कंट्रोलरांत कार्बनच आला, कारण तो स्वस्त. निन्टेन्डोच्या जॉय-कॉन या कंट्रोलरची काडी हात न लावताही सरकल्याचे गेमला दिसू लागले तेव्हा अमेरिकेत २०१९ मध्ये दावे दाखल झाले आणि जून २०२० मध्ये अध्यक्ष शुन्तारो फुरुकावा यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. खऱ्या मोटारीत तर एवढ्यावर भागतच नाही. तिथे अॅक्सिलरेटरच्या पेडलला दोन सेन्सर असतात, दोघांचे आकडे जुळले नाहीत तर इंजिनाचा कॉम्प्युटर वेग आवळतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले आणि साध्या दुचाक्यांनाही इंधन-इंजेक्शन आले, तेव्हापासून महामार्गावरच्या गॅरेजवाल्यांनाही थ्रॉटल पोझिशन सेन्सर पाठ झाला आहे. गेमचे पेडल त्यांच्यापुढे ठेवले तर त्यांना ते परके वाटणार नाही. पण ते त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, कारण ‘खेळणे’ गॅरेजात न्यायला आपल्याला लाज वाटते.

खऱ्या गाडीच्या सुट्या भागांसाठी या देशात भांडण झाले आहे. भाग आणि माहिती बाहेरच्या मेकॅनिकला मिळू देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला होता. गेमच्या गाडीसाठी कोण भांडणार? १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत व्हिडिओ गेम आहेत, विजेवर चालणाऱ्या रेसिंग कारचे संचसुद्धा आहेत. म्हणजे वस्तू कचऱ्यात गेली की सरकारला ती दिसते. कचऱ्यात जाण्याआधी वस्तूंना गुण देणाऱ्या खेरा समितीच्या यादीत तिचे नाव नव्हते. सुरुवात मोबाइलपासून करणे समजू शकते, यादी पुढे वाढेलही. पण गुण कंपनीने स्वतःच जाहीर करावेत, असे समितीने सुचवले, आणि स्वतःची उत्तरपत्रिका स्वतः तपासणारा विद्यार्थी नापास झालेला मी तरी पाहिलेला नाही.

आता पुन्हा पेडलाकडे. पॉटमधली पट्टी संपलीच असेल तर बदलण्याआधी एक जुगाड करून पाहता येतो. बहुतेक पेडले पट्टीचा थोडाच भाग वापरतात. छोटे चाक काढून दोन-तीन दाते पुढे सरकवून बसवले तर पंजा कोऱ्या कार्बनवर जातो. चाक पुढच्या टोकाला अडत नाही ना, एवढे मात्र हाताने फिरवून पाहावे.

तेही जमले नाही तर नागपुरातली सीताबर्डी गाठायची. जाताना जुना पॉट खिशात असू द्या, नुसते ‘दहा के’ (दहा किलो-ओहम) म्हणून भागत नाही. दांड्याचा काप, त्याची लांबी, पायांमधले अंतर जुळायला हवे, आणि सगळ्यांत आधी त्यावरचे अक्षर वाचायला हवे. पेडलला लागतो तो ‘बी’, ज्यात आकडा दांड्याबरोबर सारखा वाढतो. रेडिओ-अॅम्प्लिफायरच्या आवाजासाठीचा तो बहुधा ‘ए’ असतो, कानाच्या हिशेबाने सुरुवातीला हळू आणि शेवटी झपाट्याने वाढणारा. जुन्या रेडिओवाल्याच्या डब्यात त्याचाच भरणा जास्त. तो पेडलात बसेल, चालेलही, पण अर्धा ब्रेक दाबला की गेमला तो निम्म्याच्या कितीतरी खाली किंवा वर दिसेल, आणि पोरगा पुन्हा आपल्या पायाला दोष देत बसेल.