धाकटा भाऊ थोरला कसा झाला?

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



नव्वदी ओलांडलेल्या सभासदांचा सत्कार करायचा म्हणून आम्ही संगणकावरून यादी काढली. तीत एका वस्तीवरच्या दोघा भावांपैकी धाकट्याचे नाव आले, थोरल्याचे नाही. थोरले आबा गट ऑफिसात येऊन म्हणाले, "काय साहेब, शेअर माझा आधीचा, आन् मी अजून जन्मलोच नाही व्हय?" खरे सांगायचे तर यंत्राच्या हिशेबी ते जन्मले नव्हतेच!

जुन्या रजिस्टरात थोरल्यांची जन्मतारीख २-१-२९ आणि धाकट्यांची २०-११-३०. आमच्या माणसाने ती जशीच्या तशी उतरवली. एक्सेलच्या मूळ ठेवणीत ०० ते २९ म्हणजे २००० ते २०२९, आणि ३० ते ९९ म्हणजे १९३० ते १९९९. झाले, आबा २०२९ सालचे ठरले. पडद्यावर मात्र नुसते २९ दिसते, त्यामुळे चूक कुणाच्या नजरेस पडत नाही.

हा दोन आकडी कारभार जुना आहे. पूर्वी पंच कार्डावर ८० रकाने असत, साठवणीची जागा महाग, म्हणून सालातले १९ गाळत. सन २००० जवळ आले तेव्हा यंत्रे ०० म्हणजे १९०० धरतील अशी धास्ती पडली. काही ठिकाणी साल चार आकडी केले, काही ठिकाणी अशी मध्ये रेघ मारून भागवले. ती रेघही सगळीकडे एक नाही. युनिक्स घराण्यातल्या यंत्रांत ती ६८ नंतर येते. तिथे ४५ म्हणजे २०४५, एक्सेलमध्ये १९४५. शिवाय सेटिंगमध्ये ती हलवताही येते. आता बोला!

हे जन्मतारखेपुरते राहणार नाही. जुलै २०२८ मध्ये लावलेला आडसाली जानेवारी २०३० मध्ये तुटेल. तोडणीची तारीख १०-१-३० टाकली, तर ऊस लागणीच्या ९८ वर्षे आधीच तुटला म्हणायचा! ठिबकच्या कर्जाचा शेवटचा हप्ता ३१-३-३१ लिहिला, तर तो १९३१ पासून थकीत. व्याज कुणी भरायचे?

तेव्हा लागण नोंद, वारस नोंद, कर्जाचे कागद, कुठेही साल चार आकडी लिहा. चिटबॉयने दोनच आकडे टाकले असतील तर सही करण्याआधी दुरुस्त करून घ्या.

आबांचा नारळ-फेटा आम्ही वस्तीवर नेऊन दिला. चहा मिळाला; पण धाकट्याचा सत्कार आधी झाला, हे त्यांनी दोनदा ऐकवले.