फवारा कुठं मारायचा, कुठं नाही

१९८५ साली आपल्या वाळूजला बजाजचा कारखाना आला, तेव्हापासून मोटारसायकल काही आपल्याला परकी नाही. पावसाळ्यात चिखलानं चेन गंजते. इंजिन बंद करा, चाक हातानं फिरवत चेन पुसा. चालू गाडीत बोट तुटतं. मग चेनचा स्प्रे आतल्या बाजूनं मारा. गंज सोडवणारा पातळ स्प्रे म्हणजे वंगण नव्हे, तो टिकत नाही. ब्रेकच्या डिस्कवर मात्र थेंबही उडू देऊ नका, गाडी थांबायची नाही. चकाकीचा स्प्रे सीटवरही नको. पोरांना हौस असते, पण मागं एका अंगानं बसलेली बाई घसरते ना! रिकामा डबा चुलीत टाकू नका, तो फुटतो.