कुत्र्याची जीवनसत्त्वे : काय लागते, काय नाही

• क : निरोगी कुत्र्याचे यकृत स्वतःच तयार करते. वेगळी गोळी लागत नाही.

• ड : कुत्र्याला उन्हातून पुरेसे मिळत नाही, आहारातूनच लागते. अतिरेक झाल्यास रक्तातले कॅल्शियम वाढते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अ, ड, ई आणि के चरबीत विरघळतात, म्हणून जादा ड शरीरात साठत जाते.

• कॅल्शियम : फॉस्फरसशी प्रमाण साधारण १:१ ते २:१. बिनहाडाच्या मांसात फारच कमी. ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातीच्या पिल्लांना मात्र जादा कॅल्शियम घातक. हाडांची वाढ बिघडते.

• माशाचे तेल : ओमेगा-३ साठी. कॉड माशाच्या यकृताचे तेल वेगळे, त्यात अ आणि ड भरपूर.

• झायलिटॉल : माणसांच्या काही साखरविरहित गोळ्यांत असते. कुत्र्याला विषारी. आपल्या गोळ्या त्याला देऊ नका.