बंदी ड्रग्जवर, भीती कुणाला? नशेचा कायदा आणि गे पोरांचं आयुष्य

आजचा एपिसोड जमलं तर इअरफोन लावून ऐका. विषय वाईट आहे म्हणून नाही, तर आपल्याकडं चार माणसांच्या घरात हा विषय मोठ्यानं ऐकायची सोय नाही म्हणून. ज्यांना ऐकणंच शक्य नाही, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर.

एक प्रसंग डोळ्यांपुढं आणा. समजा, आपल्या गडहिंग्लजचा चोवीस वर्षांचा पोरगा आहे. गे आहे, घरी माहीत नाही. अ‍ॅपवर ओळख झाली, म्हणून शनिवारी एसटीनं कोल्हापूरला गेला. घरी सांगितलं, मित्राच्या बहिणीचा साखरपुडा आहे. तिथं एका फ्लॅटवर तिघं जमले. दारू होती, सोबत आणखी काहीतरी होतं. रात्री दोन वाजता त्यातला एक जण हलवला तरी उठेना. श्वास घोरल्यासारखा, ओठ निळसर. आपल्या पोराच्या हातात फोन आहे. 108 लावायचा की नाही?

त्याच्या डोक्यात काय चालू असेल बघा. अ‍ॅम्ब्युलन्स आली तर पोलीस येतील. पोलीस विचारतील, काय घेतलं? मग विचारतील, तुम्ही तिघं इथं कशाला जमला होता? मग घरी फोन जाईल. गंमत म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर आता गुन्हा राहिलेलं नाही. तरी त्याला जास्त भीती त्याचीच आहे. या दोन भीती एकमेकींत कशा अडकतात, एवढंच आज समजून घेऊ.

आधी कायदा काय म्हणतो?

दोन कायदे लक्षात ठेवा. पहिला, 377 कलम. इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत घातलेलं. 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं दोन सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून मोकळं केलं, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला, आणि शेवटी 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्याच पाच न्यायाधीशांनी असे संबंध गुन्हा नाहीत असं सांगितलं. त्याच्या वर्षभर आधी, ऑगस्ट 2017 मध्ये, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हेही याच न्यायालयानं मान्य केलं होतं.

दुसरा, 1985 चा एनडीपीएस कायदा. म्हणजे अमली पदार्थांचा कायदा. यात विकणं, बाळगणं गुन्हा आहेच, पण नुसतं सेवन करणंसुद्धा गुन्हा आहे. कलम 27 प्रमाणे, पदार्थ कुठला त्यावर सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

म्हणजे 2018 नंतर चित्र असं झालं: तुम्ही कुणावर प्रेम करता हा तुमचा प्रश्न, पण तुमच्या रक्तात काय आहे हा सरकारचा प्रश्न. आणि पोलीस दार वाजवतात तेव्हा ते दोन्ही गोष्टी एकाच वेळी बघतात.

तोडपाणीचं गणित

आपल्या महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा अजून आहे. दारू प्यायला रीतसर परवाना लागतो. किती जणांकडं असतो? हसू नका, स्वतःच्या मित्रांना विचारा. कायदा सगळ्यांना लागू, पण मोडणारे इतके की सगळ्यांना पकडणं अशक्य. मग कुणाला पकडायचं हे समोरचा माणूस ठरवतो.

असा निवडीचा कायदा सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्याच्यामागं वकील काका आहेत, तो सुटतो. ज्याला घरी कळलं तरी फक्त शिव्या बसणार, तो फार तर दंड भरतो. पण ज्याला घरी कळलं तर घरच जाणार आहे, तो मागतील तेवढे पैसे देतो. गुन्हा तोच, पण त्याची तोडपाणी महाग. आणि पैसे मागणारा वर्दीतलाच असतो असं नाही. अ‍ॅपवर भेटलेला, खोलीतला व्हिडिओ काढलेला भामटाही हेच करतो. "पोलिसांत जा की, काय घेतलं होतंस तेपण सांग" एवढं एक वाक्य त्याला पुरतं.

त्यात फोन. 2020 मध्ये मुंबईतल्या बॉलिवूड ड्रग्ज प्रकरणात लोकांचे व्हॉट्सअ‍ॅप चॅट टीव्हीवर वाचून दाखवले गेले. बाकीच्यांसाठी ती बदनामी होती. गे माणसाचे चॅट असे बाहेर आले, तर त्याच्या आयुष्याचा निर्णय दुसऱ्यानं घेतल्यासारखं होतं. घरी कधी, कसं, कुणाला आधी सांगायचं, हा त्याचा हक्क निघून जातो.

मग बंदी नकोच का?

थांबा, इतकं सोपं नाही. आपल्याच भागातल्या बायकांना विचारा. दारूपायी संसार उघड्यावर आलेल्या बायकांनी महाराष्ट्रात गावोगावी मतदान करून बाटली आडवी केली. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं, की दुकान बंद. त्यांच्यासाठी बंदी म्हणजे मोकळा श्वास आहे. घटनेचं कलम 47 पण सरकारला सांगतं की आरोग्याला घातक नशेवर बंदी आणायचा प्रयत्न करा. "माझं शरीर, माझी मर्जी" हे वाक्य या बायकांसमोर तोंड वर करून म्हणता येत नाही, कारण एकाच्या मर्जीचा मार दुसऱ्याच्या पाठीवर पडलेला असतो.

पण एक फरक बघा. बायकांनी दुकान बंद केलं. पिणाऱ्या नवऱ्याला तुरुंगात टाका, अशी ती मागणी नव्हती. विकणाऱ्याला अडवणं आणि घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि बंदीनं माल थांबतो का? मेफेड्रोन, म्हणजे ज्याला सगळे एमडी म्हणतात, ते फेब्रुवारी 2015 मध्ये एनडीपीएस कायद्याखाली आलं. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई पोलिसांनी एमडी बनवायचं ठिकाण पकडलं ते कुठं? आपल्या शेजारच्या चंदगड तालुक्यात, ढोलगरवाडीत. माल थांबला नाही, गावाकडं सरकला. आणि पुडीत नेमकं काय आहे, किती आहे, हे घेणाऱ्याला कळायचा मार्ग उरला नाही.

बाहेर काय झालं?

इंग्लंडमध्ये 2016 ला सगळ्या नव्या नशांवर सरसकट बंदी आणणारा कायदा येत होता. त्यात पॉपर्सही येणार होते. पॉपर्स म्हणजे हुंगायचं एक रसायन, गे पुरुषांत बरंच वापरलं जाणारं. तेव्हा सत्ताधारी पक्षाचेच खासदार क्रिस्पिन ब्लंट संसदेत उभे राहिले आणि म्हणाले, मी स्वतः वापरतो. पुढं सरकारच्याच तज्ज्ञ समितीनं सांगितलं की पॉपर्स या कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत, आणि सरकारनं ते मानलं. पॉपर्स निर्धोक आहेत असा याचा अर्थ नाही. व्हायग्रासारख्या गोळीबरोबर घेतले तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. मुद्दा असा की ज्यांच्यावर कायदा पडणार होता, त्यांच्यातला एक जण खोलीत हजर होता.

पोर्तुगालनं 2001 मध्ये वेगळा रस्ता धरला. विक्री गुन्हाच, पण स्वतःपुरतं बाळगणाऱ्याला कोर्टाऐवजी समितीपुढं पाठवायचं, उपचाराकडं वळवायचं.

आपल्याकडं काय हाताशी आहे?

वाटतं त्यापेक्षा जास्त आहे. नीट ऐका.

एक, एनडीपीएसचं कलम 64अ. व्यसन असलेल्या माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असेल, आणि तो स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात.

दोन, कलम 50. तुमच्या अंगाची झडती घेण्याआधी, राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागायचा हक्क तुम्हाला आहे, हे सांगणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे.

तीन, 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा. काही अपवाद सोडले, तर तुमचा रिपोर्ट तुमच्या संमतीशिवाय कुणाला सांगता येत नाही. आणि संसर्ग टाळण्यासाठी कंडोम, स्वच्छ सुया देणं हा गुन्हा धरता येत नाही, मग दुसरा कुठला कायदा काहीही म्हणो.

चार, धमकी देऊन पैसे उकळणं ही खंडणी आहे. तुम्ही गे आहात म्हणून ती कमी गुन्हा होत नाही. एकट्यानं ठाण्यात जायचं धाडस नसेल तर आधी मुंबईच्या हमसफर ट्रस्टशी बोला.

एक गोष्ट मात्र नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ओव्हरडोसच्या वेळी मदतीला फोन करणाऱ्याला कायद्याचं काही ना काही संरक्षण मिळतं. आपल्या एनडीपीएस कायद्यात तसं थेट कलम नाही. मागायचंच असेल तर आधी हे मागायला हवं. त्यानं एकही पुडी जास्त विकली जाणार नाही, पण माणसं जगतील.

आता त्या फ्लॅटवर परत

रात्रीचे दोन. तो उठत नाहीये. कलम नसलं तरी उत्तर एकच आहे: 108 लावा. त्याला पाठीवर ठेवू नका, कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. एकटं सोडू नका. काय घेतलंय ते डॉक्टरला खरं सांगा, त्यावर उपचार ठरतो. "तुमचं नातं काय" याचं उत्तर "मित्र" एवढं पुरे आहे.

घरी कळलं तर पुढं बोलता येईल, भांडता येईल, वर्षभर अबोला धरता येईल. तो गेला तर यातलं काहीच उरणार नाही.

नंबर सेव्ह करून ठेवा. व्यसनमुक्तीसाठी 14446, मन जड झालं तर टेली-मानस 14416, एचआयव्हीबद्दल विचारायचं तर 1097. नाव काहीही देऊन सेव्ह करा, "मामा टेम्पोवाले" चालेल. भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या, एकमेकांची पण.