बलकातून पिल्लापर्यंत

अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लाच्या रक्तात सापडणारी प्रतिपिंडे त्याची स्वतःची नसतात. अंडे घालण्यापूर्वीच कोंबडीने ती बलकात भरलेली असतात. धनुर्वाताविरुद्ध प्रतिकारक्षम केलेल्या कोंबडीची प्रतिकारशक्ती बलकात उतरते, हे फेलिक्स क्लेम्पेरर यांनी 1893 साली दाखवले.

अंड्यावर आलेल्या कोंबडीचे शवविच्छेदन केले की डाव्या अंडाशयात लहानमोठ्या बलकांचा द्राक्षांसारखा घोस दिसतो. सर्वांत मोठा बलक आधी सुटतो, मग त्याखालोखालचा. सुटण्यापूर्वीच्या सात ते दहा दिवसांत बलक झपाट्याने वाढतो आणि बहुतेक प्रतिपिंडे याच काळात आत येतात. बलकाभोवतीच्या पुटकाच्या भित्तीतील केशवाहिन्यांतून ती पाझरतात, पेशींच्या फटींतून अंडपेशीच्या पटलापर्यंत पोहोचतात आणि तेथील ग्राही त्यांना आत ओढून घेतात.

ही निवड काटेकोर असते. बलकात मुख्यतः ‘आयजीवाय’ हा प्रकार जातो. ‘आयजीए’ आणि ‘आयजीएम’ पुढे अंडनलिकेत अंड्याच्या पांढऱ्या भागात मिसळतात. एका अंड्याच्या बलकात साधारण शंभर मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आयजीवाय असते. कोंबडीच्या रक्तातील पातळी वाढली की काही दिवसांच्या अंतराने बलकातलीही वाढते.

दुसरी वाहतूक अंडे उबत असताना होते. बलकाभोवतीच्या पिशवीच्या पेशी आम्लधर्मी वातावरणात आयजीवायला पकडतात आणि भ्रूणाच्या रक्ताशी आल्यावर सोडतात. एकवीस दिवसांच्या उबवणीत सुरुवातीला हा ओघ मंद असतो. शेवटच्या तीन दिवसांत तो जोर धरतो. उरलेला बलक पिल्लू बाहेर येण्याच्या सुमारास त्याच्या पोटात ओढला जातो आणि पहिल्या काही दिवसांत जिरतो.

कोंबडीने ज्या रोगाला किंवा लशीला तोंड दिले असेल, त्याचीच प्रतिपिंडे पिल्लाला मिळतात. म्हणून पैदाशीच्या कोंबड्यांना अंड्यावर येण्यापूर्वी गंबोरो, राणीखेत या रोगांच्या मृत लशी टोचतात. खेड्यात घरोघरची अंडी गोळा करून एकाच खुडूक कोंबडीखाली बसवली, तर प्रत्येक पिल्लाला संरक्षण अंडे घालणाऱ्या कोंबडीकडून मिळते, उबवणारीकडून नव्हे. एकाच घरट्यातील पिल्लांची प्रतिकारशक्ती त्यामुळे वेगवेगळी असू शकते.

आईची ही प्रतिपिंडे दर चार-पाच दिवसांत साधारण निम्मी होतात आणि दोन ते चार आठवड्यांत जवळजवळ संपतात. तोपर्यंत ती रोगाच्या विषाणूला जशी अडवतात, तशी लशीतल्या जिवंत विषाणूलाही अडवतात. गंबोरोची लस लवकर दिली तर ती वाया जाते. उशीर झाला तर पिल्लू उघडे पडते. व्यावसायिक कळपात म्हणून काही पिल्लांच्या रक्ताची एलायझा चाचणी करून लशीचा दिवस ठरवतात. राणीखेतची पहिली लस मात्र पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देता येते, कारण तिथे जागच्या जागी तयार होणाऱ्या प्रतिकारशक्तीला रक्तातील प्रतिपिंडांचा अडथळा कमी होतो. आईकडून आलेल्या संरक्षणाची पातळी पिल्लापिल्लांत जितकी सारखी, तितका लशीचा दिवस अचूक ठरतो.