अंजनी : कुंडीतील वामनवृक्ष

उत्तर अमेरिकेतील 'डॉगवुड' हा फुलझाडांतील एक नावाजलेला वृक्ष होय. तोक्योने १९१२ मध्ये वॉशिंग्टनला चेरीची झाडे भेट दिली. परतफेड म्हणून १९१५ मध्ये डॉगवुडची रोपे जपानला गेली. तेथे त्यास 'हानामिझुकी', म्हणजे फुलांचा मिझुकी, असे नाव मिळाले. कारण मिझुकी हा त्याच कुळातील वृक्ष जपानी लोकांच्या परिचयाचा होता. उथळ कुंडीत खुरटवून त्यास फुलविण्याची कलाही रूढ आहे. मात्र हिवाळ्यात दीर्घ गारठा लाभल्यावाचून हा वृक्ष नीट फुलत नाही, आणि वाशिष्ठीच्या मुखाशी, गोपाळगडाच्या परिसरात वसलेल्या अंजनवेल येथे तो गारठा मिळावयाचा नाही.

तेथील हौशी माणसाने अंजनीकडे वळावे. गावाच्या नावात 'अंजन' आहे खरे. परंतु तेवढ्यावरून ते नाव झाडावरून पडले, असे अनुमान करणे घाईचे होईल. ग्रामनामांतील वनस्पतिवाचक भासणारी पदे पुष्कळदा फसवी असतात.

याहून मोठा घोटाळा वेगळाच आहे. कोकणात व सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर 'अंजन' अथवा 'अंजनी' म्हणजे मेमेसायलॉन अंबेलाटम : सदाहरित, जाड चकचकीत पानांचे, निळ्या फुलांचे झाड. खानदेश-विदर्भात 'अंजन' म्हणजे हार्डविकिया बिनाटा : पानझडी, शेंगवर्गीय, दोन दळांच्या पानाचा उंच वृक्ष. एका शब्दाचे हे दोन अर्थ प्रदेशभेदाने सुखाने नांदतात. कुंडीत मात्र ते नांदत नाहीत. खानदेशी अंजनाचे सोटमूळ लवकर खोल जाते, त्याची फुले बारीक व फिकट असतात आणि त्यास कोरडी हवा मानवते. एकाविषयीची सूचना दुसऱ्यास लावली, तर झाड गमावण्याचीच वेळ यावयाची.

छाटणीचेही तसेच आहे. डॉगवुडच्या कळ्या डहाळीच्या टोकास आदल्या उन्हाळ्यातच धरतात. म्हणून त्याची छाटणी फुले सरताच करतात. अंजनीचे निळे गुच्छ पानांच्या बगलेत आणि विशेषतः पाने गळून गेलेल्या जुन्या पेरांवर येतात. तेव्हा कोवळे शेंडे खुडावेत, पण जुन्या डहाळ्यांना कात्री लावू नये. लावल्यास झाड डौलदार दिसेल, मात्र फुलणार नाही. लाकूड अतिशय कठीण असल्याने तारेने वळण द्यावयाचे ते कोवळ्या फांदीसच. जांभ्याची भरड व कुजलेला पालापाचोळा ही माती त्यास मानवते. चुनखडीची माती टाळावी. मुळांची छाटणी मृगाच्या सुमारास करावी.

सड्यावर वाऱ्याने आयतीच वामन झालेली झुडपे दिसतात व ती खणून आणण्याचा मोह होतो. त्यांची मुळे जांभ्याच्या भेगांत शिरलेली असतात. ती तुटतात, झाड कुंडीत मरते आणि सड्यावरही उरत नाही. याकरिता फळे पिकून काळी-जांभळी झाली की ताजे बी पेरावे. वाढ फार सावकाश होते; खोडास मनगटाची जाडी येण्यास पुष्कळ वर्षे जावी लागतात.