कोर्टात ठेवलेला पैसा: लॉर्ड मॅकल्सफील्डवरचा खटला, १७२५

न्यायालयातल्या अधिकाऱ्यावरच लोकांना फसवल्याचा आरोप होतो, तेव्हा पुढे काय होतं, हे आज आपण एका जुन्या खटल्यातून पाहणार आहोत. लाच घेऊन निकाल फिरवणाऱ्या न्यायाधीशांच्या गोष्टी आपण ऐकलेल्या असतात. हे प्रकरण त्याहून वेगळं आहे. लोकांनी कोर्टाच्या आदेशाने, कोर्टाच्या भरवशावर ठेवलेला पैसा कोर्टातूनच नाहीसा झाला होता. आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे त्या देशाच्या न्यायव्यवस्थेतला सर्वांत मोठा अधिकारी.

कोणी विचारेल, तीनशे वर्षांपूर्वीचं हे इंग्लंडातलं प्रकरण आज कशाला? त्याचं उत्तर शेवटाकडे येईल. आधी गोष्ट समजून घेऊ.

चॅन्सरी म्हणजे काय?

त्या काळी लंडनमध्ये चॅन्सरी नावाचं न्यायालय होतं. वारसा, मृत्युपत्रं, विश्वस्त निधी, अज्ञान मुलांची मालमत्ता, मनोरुग्णांची मालमत्ता असे दावे तिथे चालत. असे दावे वर्षानुवर्षं रेंगाळत. मग वाद मिटेपर्यंत वादातला पैसा कुठे ठेवायचा? तो कोर्टात जमा करायचा. म्हणजे बघा, ज्यांचा पैसा तिथे पडून असे त्यांत विधवा होत्या, आईबाप नसलेली मुलं होती, स्वतःचा व्यवहार पाहू न शकणारी माणसं होती. ज्यांना रोज येऊन चौकशी करणं शक्य नाही, नेमक्या त्यांचाच हा पैसा.

चॅन्सेलरच्या हाताखाली 'मास्टर' नावाचे अधिकारी असत. हिशेब तपासणं, साक्षी नोंदवणं, अहवाल देणं ही त्यांची कामं. आणि पक्षकारांचा पैसाही त्यांच्याचकडे राही. इथे नीट लक्ष द्या. हा पैसा सरकारी खजिन्यात जात नसे. एकेका मास्टरच्या ताब्यात, त्याच्या स्वतःच्या व्यवस्थेत तो असे. कोर्टाने 'परत कर' असा आदेश दिला की त्याने तो द्यायचा, एवढाच नियम. मधल्या काळात त्याने तो व्याजाने लावला, तर फायदा त्याच्या खिशात. वर्षाच्या शेवटी पेटी उघडून कोणी मोजत नसे.

पदाची किंमत

थॉमस पार्कर हा स्टॅफर्डशायरमधल्या एका वकिलाचा मुलगा. हुशारीच्या जोरावर तो वर चढला. १७१० मध्ये मुख्य न्यायाधीश, १७१८ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर आणि १७२१ मध्ये अर्ल ऑफ मॅकल्सफील्ड. कायद्याचा जाणकार म्हणून त्याचं नाव मोठं होतं आणि राजा पहिल्या जॉर्जची त्याच्यावर मर्जी होती.

मास्टर नेमण्याचा अधिकार चॅन्सेलरचा. नव्या मास्टरने चॅन्सेलरला 'भेट' द्यायची, ही रीत आधीपासून होती. मॅकल्सफील्डने रीत सुरू केली नाही, त्याने भाव वाढवला. सुरुवातीला नेमणुकीला १५०० गिनी घेतल्या जात, पुढे हा आकडा ५००० गिनींवर गेला. एक गिनी म्हणजे पौंडाहून थोडी जास्त रक्कम.

आता साधा प्रश्न विचारू. एखादा माणूस नोकरीसाठी एवढे पैसे का मोजेल? पगारातून ते वसूल होण्यासारखे नव्हते. उत्तर एकच: त्या पदाबरोबर लोकांच्या पैशाची पेटी मिळत होती. आणि पुढची गंमत, खरं तर गंमत म्हणू नये अशी गोष्ट, पुराव्यात बाहेर आली. काही मास्टरांनी पदाची किंमतसुद्धा त्याच पेटीतून चुकवली होती. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच पेटीत खड्डा.

१७२० चा बुडबुडा

खड्डा असतानाही गाडी चालू राहते, कारण सगळे पक्षकार एकाच दिवशी पैसे मागत नाहीत. जुन्याला द्यायचं ते नव्याच्या ठेवीतून देता येतं. भिशी बुडवणारा माणूस जशी वेळ मारून नेतो, तसंच हे.

१७२० मध्ये लंडनला साउथ सी कंपनीच्या शेअरचं वेड लागलं. वर्षाच्या सुरुवातीला सव्वाशे पौंडांच्या आसपास असलेला शेअर उन्हाळ्यात हजाराच्या घरात गेला आणि सप्टेंबरअखेर दोनशेच्या खाली कोसळला. हाताशी लोकांचा पैसा, विचारणारं कोणी नाही, आणि बाहेर रोज वाढणारा भाव. काही मास्टरांना मोह आवरला नाही. डॉर्मर नावाच्या मास्टरचा मोठा व्यवहार बुडाला, तेव्हा तो हॉलंडला पळून गेला.

मॅकल्सफील्डची खरी परीक्षा इथे होती. त्याला तूट कळली होती. त्याने काय केलं? बाकीच्या मास्टरांकडून प्रत्येकी ५०० पौंड गोळा करून गळती झाकली. डॉर्मरच्या ठेवीदारांना खरी परिस्थिती कळू दिली नाही. पुढे १७२४ च्या अखेरीस हिशेब मागण्याची वेळ आली, तेव्हा मास्टरांनी एकमेकांना रोख रक्कम आणि कागद पुरवून आपापली पेटी भरलेली दाखवावी, असा सल्ला दिल्याचाही आरोप त्याच्यावर आला. तपासनीस एका घरून निघाला की तीच थैली दुसऱ्या घरी!

आरोप, बचाव आणि निकाल

जानेवारी १७२५ मध्ये मॅकल्सफील्डने राजीनामा दिला. पण राजीनाम्याने प्रकरण मिटलं नाही. कनिष्ठ सभागृहाने त्याच्यावर महाभियोग चालवायचं ठरवलं आणि २१ कलमांचं आरोपपत्र तयार झालं. मे महिन्यात लॉर्डांच्या सभागृहात सुनावणी झाली. योगायोग पाहा, त्याच महिन्यात, २४ मे रोजी, जोनाथन वाइल्ड नावाच्या कुप्रसिद्ध गुन्हेगाराला लंडनमध्ये फाशी झाली. चोर पकडून देणारा म्हणून तो मिरवत असे, आणि आतून चोरांची टोळी चालवत असे. एकाच महिन्यात लोक दोन रखवालदारांचे खटले ऐकत होते.

मॅकल्सफील्डचा बचाव ऐकण्यासारखा आहे, कारण तो आजही कानावर पडतो. त्याचं म्हणणं असं: ही भेट घेण्याची पद्धत जुनी आहे. माझ्या आधीच्या चॅन्सेलरांनीही घेतली. मी लपूनछपून काही केलं नाही. 'सगळेच घेतात हो' म्हणतात ना, ते हेच.

फिर्यादी पक्षाचं उत्तर दुहेरी होतं. पहिलं, न्यायदानाशी संबंधित पदं विकू नयेत असा कायदा सहाव्या एडवर्डच्या काळापासून, म्हणजे १६ व्या शतकापासून होता. रूढी कायद्याला पुसून टाकत नाही. दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं: पद विकताना चॅन्सेलरने पक्षकारांचा पैसाच अप्रत्यक्षपणे विकला होता. सट्टा मास्टरांनी खेळला हे खरं, पण तो खेळणाऱ्यांकडून प्रवेश फी घेतली चॅन्सेलरने, आणि नुकसान दिसल्यावर झाकणही त्यानेच घातलं.

हजर असलेल्या ९३ लॉर्डांनी एकमताने त्याला दोषी ठरवलं. दंड झाला ३०,००० पौंड. दंड भरेपर्यंत टॉवर ऑफ लंडनमध्ये कैद. तिथे त्याने सुमारे सहा आठवडे काढले.

त्याच्यावर सगळे आरोप स्पष्ट लिहून ठेवले गेले, त्याला वकील मिळाले, उत्तर द्यायला वेळ मिळाला, मगच मतदान झालं. आरोप होणं आणि दोष सिद्ध होणं यांत हे अंतर असतं, आणि तेही या खटल्याने पाळलं. शिक्षेनंतर समाजाने त्याला वाळीतही टाकलं नाही. १७२७ मध्ये न्यूटनच्या अंत्ययात्रेत मान मिळालेल्या सरदारांत मॅकल्सफील्ड होता. १७३२ मध्ये तो वारला.

पैसे परत मिळाले का?

इथे बहुतेक गोष्टी संपतात: दुष्ट माणूस, शिक्षा, पडदा. पण ज्या विधवेचे पैसे गेले, तिला चॅन्सेलर तुरुंगात गेल्याने काय मिळालं? म्हणून पुढचा भाग महत्त्वाचा आहे.

दंडाची रक्कम नुकसान झालेल्या पक्षकारांकडे वळवण्यात आली. तेवढ्याने भागेना, म्हणून कोर्टाच्या काही कागदांवर जादा स्टॅम्प शुल्क लावलं गेलं. म्हणजे मास्टरांनी केलेल्या खड्ड्यात माती टाकली ती पुढच्या काळात कोर्टाची पायरी चढणाऱ्यांनी. सार्वजनिक पैशाची चोरी झाली की बिल शेवटी कोणाकडे येतं, ते यातून दिसतं.

आणि मग आली खरी दुरुस्ती. चॅन्सरीतला पक्षकारांचा पैसा मास्टरांच्या घरातून काढून बँक ऑफ इंग्लंडमध्ये नेण्यात आला. १७२६ मध्ये अकाउंटंट जनरल हे नवीन पद कायद्याने निर्माण झालं. त्या कायद्यातली सर्वांत हुशारीची तरतूद अशी, की या अकाउंटंट जनरलने हिशेब ठेवायचा, पण पैशाला हात लावायचा नाही. पैसा बँकेकडे, वही अधिकाऱ्याकडे आणि आदेश न्यायाधीशाकडे. तिघांपैकी एकटा कोणीही पैसे पळवू शकत नाही, आणि तूट आली तर ताळमेळ बसत नाही.

आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट बरोबर न्यायची असेल, तर ही. मॅकल्सफील्डला हटवून एखादा सज्जन चॅन्सेलर आणला असता, तर तो सज्जन असेपर्यंतच पैसा सुरक्षित राहिला असता. पेटी आणि वही वेगळ्या हातांत गेल्या, तेव्हा अधिकाऱ्याच्या सज्जनपणावर विसंबण्याची गरज कमी झाली.

आपल्याकडे याचा संबंध काय?

आपली न्यायालयीन पद्धत बरीचशी त्याच परंपरेतून आली. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतल्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पदनामात, 'प्रोथोनोटरी आणि सीनिअर मास्टर' यात, तो 'मास्टर' शब्द आजही आहे. जिल्ह्याच्या कोर्टात रकमेचं काम आपल्याला नाझर म्हणून माहीत असलेल्या अधिकाऱ्याच्या शाखेत चालतं.

आणि कोर्टात पैसा आजही त्याच कारणांनी येतो. हुकूमनाम्याची रक्कम कोर्टात भरली जाते. कोर्टाच्या लिलावात बोली जिंकणाऱ्याला २५ टक्के तिथल्या तिथे आणि उरलेली रक्कम १५ दिवसांत भरावी लागते. अपघाताच्या दाव्यात मिळालेली भरपाई, विशेषतः अज्ञान मुलांची, मुदत ठेवीत ठेवली जाते. सर्वोच्च न्यायालयाने सुसम्मा थॉमस खटल्यात त्याची मार्गदर्शक तत्त्वं सांगितली. ज्यांच्यासाठी ही काळजी घ्यायची, ती माणसं चॅन्सरीतल्या माणसांसारखीच: विधवा, लहान मुलं, अशिक्षित कुटुंबं.

मग आपण काय करायचं? कोर्टाचा माणूस म्हणून कोणी रक्कम मागितली, तर आदेश कुठे आहे ते विचारा आणि त्याची नक्कल काढा. रोख रक्कम कोणाच्याही हातात पावतीशिवाय देऊ नका, मग तो बेलिफ असो, कारकून असो की ओळखीचा माणूस. आपल्या नावावर किती जमा आहे, कुठल्या बँकेत आहे, मुदत कधी संपते, हे वर्षातून एकदा तरी वकिलामार्फत विचारा. मास्टरांच्या पेट्या एवढी वर्षं रिकाम्या राहू शकल्या, कारण विचारणारे थोडे होते.

आणि स्वतःचेच पैसे काढायला कोणी 'चहापाणी' मागत असेल, तर महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे, आणि जिल्हा न्यायाधीशांकडे लेखी तक्रार करता येते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे. मात्र जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांत कळवलं, तर कायदा देणाऱ्याला संरक्षण देतो. सरकारी नोकराने ताब्यातला पैसा खाल्ला, तर नव्या न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते.

तक्रार करताना आपण कोर्टाचा अपमान करतोय असं अनेकांना वाटतं. १७२५ मध्येही काहींना वाटलं असेल. पण त्या खटल्याने चॅन्सरी बुडाली नाही. उलट, तिथला पैसा त्यानंतर कुठे आहे, हे वही उघडून सांगता येऊ लागलं. आज इथे थांबू.